पिंपळझरीचं निर्णायक मत

हिंगणी
३ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,

आशीर्वाद लिहायला हात उचलला आणि थांबलो. भाचीला आशीर्वाद देणारा मामा आपल्या भागात अजून जन्माला यायचा आहे. तिच्या पाया पडायचं, तिला जेवू घालायचं आणि फुकटचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं, ही आपली रीत. तेव्हा नमस्कार.

मामा फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. एक तर निवडणूक तोंडावर आली आणि सध्या फोनवर बोलणं म्हणजे चौकात बोलणं झालं आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या गावच्या, आमच्या फौजेतल्या अण्णाजी हवालदाराचं बोलणं कोणीतरी रेकॉर्ड करून सगळीकडे फिरवलं. दुसरं म्हणजे फोनवर तू लगेच सरपंच होतेस. पत्रात भाची राहशील अशी आशा आहे.

दिवाळीत तू जेवायला आलीस, त्या दिवशी मी सेलूच्या कार्यक्रमातून पदकं लावूनच घरी आलो होतो आणि तसाच तुझ्या पाया पडलो. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. आता ते फिरतं आहे आणि खाली लिहिलं आहे, 'सैनिकांचं भवन अडवणाऱ्या सरपंचबाईच्या पायांवर सैनिकांचाच अध्यक्ष'. रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण रीत आठवायची कोणाला गरज नाही. तालुक्यातले माजी सैनिक मला विचारतात, "दौलतराव, तुमी आमचे का भाचीचे?"

तर मला एकच सांग. बाजारओट्याच्या जागेवर सैनिक भवन बांधायचं आणि ग्रामपंचायतीनं त्यात आपला वाटा घालायचा, हा ठराव तुमच्या मासिक सभेत आला. समसमान मतं पडली. सरपंचाचं निर्णायक मत उरलं आणि ते तू विरोधात दिलंस असं अण्णाजी म्हणतो. मी त्याला म्हटलं, माझी भाची आहे, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.

हे भवन काही आमच्या पत्ते कुटायच्या सोयीसाठी नाही. पेन्शनच्या कागदासाठी म्हातारी माणसं वर्ध्याला चकरा मारतात, ते काम गावात व्हावं, हा हेतू आहे. गेलेल्या जवानांच्या बायकांना तिथे बसायला जागा मिळावी म्हणून एक खोलीही धरली आहे. त्या सगळ्यांना आम्ही घरोघर जाऊन विचारलं. एकीनंही नाही म्हटलं नाही.

२३ तारखेला, रविवारी, पिंपळझरीला आमच्या माजी सैनिक संघटनेची सभा आहे. कोणत्या सदस्यानं काय मत दिलं, ते नावानिशी वाचून दाखवायचं ठरलं आहे. वाचायचं काम अध्यक्षाचं. म्हणजे माझं. त्याआधी खरं काय ते मला तुझ्याकडून कळू दे.

मामी आठवण काढते. वाल वाळवून ठेवले आहेत, म्हणते.

तुझा मामा,
दौलतराव


पिंपळझरी
७ नोव्हेंबर

ती. मामा,

नमस्काराचा घोळ तुम्हीच घालून ठेवलात, म्हणून मी नुसतं रामराम लिहिते.

अण्णाजींच्या ऐकण्यात काही चूक नाही. मत मी विरोधात दिलं. सभेत सगळ्यांच्या देखत दिलं. हात वर करताना माझ्यासमोर भिंतीवर जवानांचे फोटो होते, त्यांच्याकडे बघत दिलं. त्यामुळे २३ तारखेला माझं नाव खुशाल वाचा. पाचवी-सहावीत तुम्ही मला पाढे म्हणायला लावायचात, तसंच खणखणीत वाचा.

का दिलं, ते मात्र विचारू नका. मी सांगू शकत नाही. सांगायचं नाही असं नाही, सांगू शकत नाही.

त्या पाया पडण्याच्या व्हिडिओचं मला वाईट वाटलं. मला लाज नाही वाटली, तुमची पदकं लोकांनी अशी वापरली याचा राग आला. पुढच्या वेळी मी पाय मागे घेणार आहे, मग तुमचं पुण्य गेलं तरी चालेल.

मामीला म्हणावं वालाची भाजी खायला येते. निवडणूक होऊन जाऊ दे.

तुमची,
अपेक्षा


हिंगणी
१० नोव्हेंबर

अपेक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी काहीतरी गिळून बसली हाये." मी म्हणालो, गिळलं नाही, खाल्लं आहे.

वाईट वाटलं ना हे वाचून? मला लिहिताना वाटलं. पण मग मी काय समजू? तुमच्या पंचायतीतला अंकुशभाऊ त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायला बघतो, हे पिंपळझरीत शेंबड्या पोराला माहीत आहे. भवन नको म्हणणारा दुसरा माणूस गावात कोण आहे? आणि त्याच्याच गटातली दोन मतं तुझ्या बाजूनं पडली. देवाच्या आळंदीला निघालीस आणि वाट मात्र चोराच्या आळंदीची धरलीस.

मागच्या निवडणुकीत मी तुझ्यासाठी दारोदार फिरलो. राजकारणात पडायचं नाही असा माझा नेम होता, तो तुझ्यासाठी मोडला. माजी सैनिकाच्या घरात मी म्हणायचो, "पोरगी आपली हाये, आपल्याले इसरनार नाई." आता तीच माणसं माझ्या तोंडावर मला माझं वाक्य म्हणून दाखवतात. त्यांना मी काय सांगू? माझी भाची सांगू शकत नाही, एवढंच?

सैन्यात आम्हाला शिकवलं होतं, हुकूम का दिला ते विचारायचं नसतं. पण तू माझी कमांडर नाहीस, माझ्या बहिणीची मुलगी आहेस. मला कारण पाहिजे. २३ तारखेपर्यंत ते आलं नाही तर मी तुझं नाव वाचीन आणि त्यानंतर आमच्या दाराशी येऊ नकोस. तुझ्या पाया पडायचं पाप मला नको.

दौलतराव


पिंपळझरी
१२ नोव्हेंबर

मामा,

अंकुशभाऊंनी काल मला पेढे पाठवले होते, विरोधात मत दिल्याबद्दल. मी परत पाठवले. ते आता माझ्याविरुद्ध त्यांच्या भावजयीला उभं करत आहेत. पैसे खाल्ले असते तर निदान पेढे तरी ठेवून घेतले असते.

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर कांदा म्हणाले. परातीत वांगी होती.

मी कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून शब्द दिला आहे. ते माणूस अंकुशभाऊंचं नाही. ते तुमचंच आहे, मामा. यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. शोधायला जाऊ नका, हात जोडते.

अपेक्षा


हिंगणी
१५ नोव्हेंबर

अपेक्षा,

शोधायला जाऊ नका म्हटल्यावर कोणता फौजी घरी बसेल? काल तुमच्या बाजाराला आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही. तुझ्या दारात माझी गाडी दिसली असती तर संध्याकाळपर्यंत आणखी एक व्हिडिओ झाला असता.

जागा डोळ्यांनी बघितली. कडुनिंबाखालचा तो लांब ओटा, भाजीवाल्या बायका ओळीनं बसलेल्या. कोपऱ्यात कुंताबाई बसली होती. तुला माहीतच आहे, माझ्या हाताखालच्या नायक प्रेमदासची बायको. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत गेली आणि प्रेमदास गेला, तेव्हा त्याला घेऊन मीच गावात आलो होतो. लांबून बघितलं तेव्हा ती शेजारणीशी मोठ्यानं बोलत होती, गिऱ्हाइकाशी भांडत होती, हसतही होती. मला बघितलं आणि पदर पार नाकापर्यंत ओढला.

मी सरळ विचारलं, "कुंताबाई, इथं भवन होऊन राह्यलं, तुमाले चालते ना?" तिनं शेजारच्या शोभाबाईच्या कानात सांगितलं आणि शोभाबाई मला म्हणाली, "हो जी, चांगलंच हाये म्हनते." मी म्हटलं, "बसाले खोली भेटन तुमाले, पंखा राहीन." पुन्हा शोभाबाईकडून उत्तर आलं, "हो जी म्हनते, तुमी म्हनान तसं." वांग्यांचे पैसे घेतले नाहीत आणि वर कोथिंबीर घातली.

आता सांग. जिचं पोट या ओट्यावर चालतं, ती बाई हो म्हणते. मग तुझ्या डोक्यात कोण माणूस आहे? माझं माणूस, माझं माणूस म्हणतेस, माझ्या माणसांत कुंताबाईपेक्षा जवळचं त्या गावात कोणी नाही. तू मला फिरवते आहेस. मला याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात शत्रूचाही आला नव्हता.

२३ तारखेला नाव वाचणार. ठरलं.

दौलतराव


पिंपळझरी
१८ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र पदराआड धरून मी कुंताबाईंच्या घरी गेले. त्यांना वाचून दाखवलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आता काय करता बाई, सांगून टाका त्याइले. पन सभेत माहं नाव नोका घेऊ." म्हणून लिहिते. आतापर्यंत शब्दात बांधलेली होते.

मामा, तुम्ही कुंताबाईंचे कोण? प्रेमदास तुम्हाला दादा म्हणायचा. म्हणजे तुम्ही त्यांचे भासरे. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर आपल्याकडची बाई तोंड उघडते का? डोक्यावरचा पदर तरी खाली येऊ देते का? त्याच्या ताटात मीठ कमी पडलं तरी दुसऱ्याच्या हातून वाढते. आणि तुम्ही तिला भर बाजारात उभं राहून विचारलंत, चालते ना? ती नाही कशी म्हणणार होती? तुम्ही ओटाच काय, तिचं घर मागितलं असतं तरी शोभाबाईकडून 'हो जी' असंच उत्तर आलं असतं.

आणि नुसते तुम्हीच नाही. संमती घ्यायला कोण कोण गेलं होतं? अण्णाजी, तुम्ही, बाकीचे हवालदार, सुभेदार. त्या सगळ्या बायकांचे नवरे तुम्हाला दादा म्हणणारे. तुम्ही घरोघर गेलात आणि सगळीकडे तुम्हाला पदर दिसला. त्याला तुम्ही संमती म्हणालात.

मला त्यांनी जे सांगितलं ते असं. ठरावाच्या आदल्या दिवशी कुंताबाई मागच्या दारानं आल्या. म्हणाल्या, "पिन्शन त्याइची हाये, ओटा माहा हाये." पेन्शन हातात यायला लागेपर्यंत त्या ओट्यावर त्यांचं घर चाललं. ती आल्यावरही त्यांनी ओटा सोडला नाही. घरी सासू आहे, दीर आहेत, भासरे आहेत. ओट्यावर त्या एकट्या आहेत, मोठ्यानं बोलतात, भाव ठरवतात. तुम्ही बघितलंत ना हसताना? ते हसणं त्यांना तुमच्या खोलीत पंख्याखाली मिळणार नाही. आणखी दोघी-तिघी तशाच. त्यांची नावं मी लिहीत नाही.

मी म्हटलं, मग सभेत येऊन सांगा. त्या म्हणाल्या, "ज्याइनं माह्या मानसाले घरी आनलं, पिन्शनसाठी पाय झिजवले, त्याइच्या तोंडावर मी नाई म्हनू? लोक थुंकतीन माह्यावर." आणि माझा हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. कारण सांगायचं नाही म्हणाल्या. मी मत दिलं आणि गप्प बसले. दुसरं काय करू शकत होते?

माझ्यावर रागावला असाल तर रागवा. मलाही तुमचा राग आलाच आहे. पैसे खाल्ले असं तुम्ही लिहिलंत, दुसऱ्या कोणी नाही.

रविवारी माझं नाव वाचाच. गाळलंत तर त्या व्हिडिओवरचं वाक्य खरं होईल. मी सभेला येणार नाही. मी समोर बसले तर लोक तुमच्याकडे बघतील आणि तुमच्या तोंडून नाव निघणार नाही, हे मला माहीत आहे.

तुमची,
अपेक्षा


हिंगणी
२४ नोव्हेंबर

चि. अपेक्षा हिस, नमस्कार.

सभेत काय झालं ते तुला आतापर्यंत दहा जणांनी दहा तऱ्हेनं सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र मिळाल्यापासून मला धड जेवण गेलं नाही. नाव वाचणं सोपं होतं. पण नाव वाचून लोक तुला शिव्या देणार आणि कारण माझ्या खिशात बंद राहणार, हे मला पचत नव्हतं. कारण सांगावं तर कुंताबाईचा शब्द मोडतो. मामीला विचारलं. ती म्हणाली, "तुमी समोर राहता, म्हनून त्या बोलत नाई. मंग समोर राहू नोका." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली.

सभा भरली. बायका एका बाजूला, आम्ही माजी सैनिक दुसऱ्या बाजूला, सगळे पदकं लावून. मी सदस्यांची मतं वाचली. बाजूनं कोण, विरोधात कोण. शेवटी वाचलं, 'सरपंच अपेक्षा, निर्णायक मत, विरोधात.' इतरांचं वाचलं त्याच आवाजात वाचलं. लोक ओरडले. कोणी म्हणालं, "शरम वाटते का नाई?" ते तुला म्हणाले की मला, कळलं नाही. अण्णाजी माइकवर येऊन म्हणाला, "या बाईले मत देऊ नोका." टाळ्या पडल्या. अंकुशभाऊची माणसं मागे उभी होती, त्यांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

मग मी म्हटलं, "जवान हो, फॉलइन." उठले बिचारे. वाटलं असेल, गेलेल्यांना सलामी द्यायची आहे. बायकांकडे तोंड करून ओळ झाली. मी म्हटलं, "आपन संमती घेतली तवा आपन सैनिक नव्हतो, आपन भासरे होतो. भासऱ्यांनी घेतलेली संमती मले मंजूर नाई." अण्णाजी म्हणाला, "हे काय नाटक हाये दौलतराव?" मी छातीत हवा भरली आणि हुकूम सोडला, "सावधान! पीछे मुड!"

अपेक्षा, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला नीट दिसत नाही. पण हुकूम कानात गेला की पाय डोक्याला विचारत नाहीत. सगळी ओळ वळली. नाटक म्हणणारा अण्णाजीसुद्धा वळला. मीही वळलो. आमच्या सगळ्यांच्या पाठी बायकांकडे, तोंडं ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे.

मामी बायकांमध्ये उभी राहून म्हणाली, "आता इथं कोनी भासरा नाई. ओटा हाये तसाच राहावा असं जिले वाटते, तिनं हात वर करा."

मी कान देऊन ऐकत होतो. एवढ्या बायकांचे हात वर जातील तर बांगड्या वाजतील, असं मनात धरलं होतं. काहीच वाजलं नाही. मला वाटलं, संपलं. मीच मूर्ख ठरलो, भाचीही गेली आणि संघटनाही गेली. मग डोक्यात आलं, ज्यांचे हात वर व्हायचे होते त्या हातांत बांगड्या कुठून वाजणार? माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सावधानमध्ये उभा होतो, पुसता येईना.

तेवढ्यात मागून आवाज आला. शोभाबाईचा नव्हता. मी तो आवाज ओळखला नाही, कारण प्रेमदासला घेऊन आलो त्या दिवसानंतर तो माझ्या कानावर कधी पडलाच नव्हता.

"भासरेबुवा, इकडं पाहा."

हुकूम नसताना मी वळलो. कुंताबाई उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. हात अजून वरच होता. तिच्या आजूबाजूला आणखी हात होते, मी मोजले नाहीत. ती म्हणाली, "तुमचे उपकार मी इसरली नाई. भवन बांधा, मी पाया खनाले येईन. पन माह्या ओट्यावर नोका बांधू."

एवढं बोलून ती खाली बसली. मामीनं तिला धरलं. अंकुशभाऊची माणसं टाळ्या वाजवायला हात उचलून तशीच राहिली. आता कोणाच्या नावानं वाजवायच्या, ते त्यांना समजेना. अण्णाजीनं आधी तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, "मी तं तिले तीनदा इचारलं होतं." मी म्हटलं, "मीबी इचारलं होतं."

भवनासाठी दुसरी जागा बघायची असं ठरलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. तिघांनी संघटना सोडली. निवडणुकीत तू येशील की पडशील, ते मी सांगू शकत नाही. पाठ फिरवलेली माणसं सगळी तुझ्याकडे वळतील असं नाही. तुझ्या नावापुढे 'विरोधात' लागलं आहे आणि अंकुशभाऊ ते मतदानाच्या दिवसापर्यंत ओरडत राहील.

पैसे खाल्ल्याचं मी लिहिलं, ते पत्र चुलीत घाल. माझ्याच्यानं त्याच्यावर दुसरं काही लिहवत नाही. तू माझ्या बहिणीची आहेस, आणि मी तुला ओळखलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं आहे.

उद्यापासून मी पिंपळझरीत आहे. तुझ्यासाठी दारोदार फिरणार. माजी सैनिकांच्या घरी आधी जाईन, दार उघडलं नाही तर बाहेरून बोलेन. पण या वेळी मामी सोबत राहील. मी अंगणात थांबणार आणि आत जाऊन बायकांना ती विचारणार.

तुझा मामा,
दौलतराव